मोनोन्यूक्लिओसिस (ग्रंथीज्वर)

एप्स्टाइन-बार या विषाणूमुळे येणारा ताप. दुखरा घसा, मानेतल्या सुजलेल्या गाठी आणि अंगातले त्राण जावे असा थकवा ही त्याची ओळख. त्याला 'चुंबनाचा आजार' म्हणतात, पण त्या नावाने आईवडील उगाच संशयात पडतात आणि मुले संकोचून गप्प बसतात. आपल्याकडचा 'उष्टे' हा शब्द अधिक नेमका आहे. विषाणू लाळेतून जातो. आझाद मैदानावर साऱ्या संघाने एकाच बाटलीला तोंड लावणे, कॉलेजच्या कट्ट्यावर एका ग्लासातून सरबत पिणे, बाळाला आपल्या तोंडातला घास भरवणे, एवढे त्याला पुरते. लोकलच्या गर्दीत नुसते शेजारी उभे राहून तो सहसा लागत नाही.

एमिल फायफर या जर्मन वैद्याने 1889 मध्ये 'ग्रंथीज्वर' वर्णिला. आजचे नाव 1920 मधले, रुग्णाच्या रक्तात वाढणाऱ्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशींवरून पडलेले. विषाणू 1964 मध्ये एप्स्टाइन, अकाँग आणि बार या संशोधकांना सापडला, पण कर्करोगाच्या पेशींत. ग्रंथीज्वराशी त्याचे नाते जुळले ते फिलाडेल्फियात हेन्ले या विषाणूसंशोधक दांपत्याच्या प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ स्वतः आजारी पडल्यामुळे. तिच्या रक्तात आधी नसलेली या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे (संसर्गाशी लढायला शरीर बनवते ती प्रथिने) आजारानंतर दिसली. हे निष्कर्ष 1968 मध्ये प्रसिद्ध झाले.

जगातल्या 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांना हा संसर्ग केव्हातरी झालेला असतो. बालपणी झाला तर बहुधा कळतही नाही. दाटीवाटीच्या वस्तीत तो असा लवकर उरकतो. पंधरा ते पंचविशीत पहिल्यांदा गाठला, तरच खरा त्रास.

संसर्गानंतर चार ते सहा आठवड्यांनी ताप येतो, टॉन्सिलवर पांढरट थर धरतो, मानेच्या मागच्या बाजूच्याही गाठी हाताला लागतात. मुंबईत पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला की डॉक्टर आधी मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस तपासतात, आणि ते योग्यच आहे. मात्र ते अहवाल निगेटिव्ह येऊनही ताप व घसा हटत नसेल, तर सीबीसीमधल्या (रक्तपेशी मोजण्याच्या चाचणीतल्या) वाढलेल्या, वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींकडे लक्ष जायला हवे. मोनोस्पॉट ही या आजाराची झटपट रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात फसवू शकते. शंका राहिली तर विषाणूविरोधी प्रतिपिंडे तपासतात.

घरात उरलेले अमॉक्सिसिलिन घशासाठी सुरू करणे इथे विशेष वाईट. विषाणूवर ते चालत नाही, वर अनेकांच्या अंगभर लाल पुरळ उठते. उपचार म्हणजे विश्रांती, भरपूर पाणी आणि ताप-दुखीला पॅरासिटामॉल. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

सुमारे निम्म्या रुग्णांत प्लीहा, म्हणजे पानथरी, सुजते. ती फुटण्याचा प्रसंग विरळा, पण जिवावरचा. म्हणून निदान तीन-चार आठवडे कबड्डी नाही, कांगा लीगचा क्रिकेट सामनाही नाही, आणि पुढे डॉक्टरांना विचारूनच. पोटात डावीकडे वर अचानक कळ आली किंवा श्वास अडला तर तडक रुग्णालय गाठावे.

ताप दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, थकवा कधी महिनोन्‌महिने रेंगाळतो. त्याला आळस म्हणू नये.

बरे झाल्यावरही विषाणू बी-लिम्फोसाइट पेशींत जन्मभर दडून राहतो आणि धडधाकट माणसाच्या लाळेतही अधूनमधून उतरतो. त्यामुळे 'कुणाकडून लागला' हे बहुधा कळत नाही. एका खोलीच्या घरात रुग्णाला वेगळे कोंडण्याचीही गरज नसते. त्याचा पेला, चमचा आणि ब्रश मात्र वेगळा ठेवावा.