स्टेंट बसला म्हणजे पाइप साफ झाला?
गंगावेशीत तालमीच्या कट्ट्यावर परवा पुन्हा ऐकलं, "स्टेंट बसला, पाइप साफ झाला, आता गोळ्या कशाला?" भावांनो, स्टेंट म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी; ती बसली की काम संपलं, हा समज जिवावर बेततो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

रक्तवाहिनी म्हणजे नळ नाही, ती जिवंत आहे. स्टेंट बसवताना आत बारीक फुगा फुगवतात, तेव्हा तिचं आतलं नाजूक अस्तर खरवडलं जातं. मग भिंतीतली एमएमपी-२, एमएमपी-९ ही विकरं (एन्झाइम) जोर धरतात आणि पेशींना धरून ठेवणारं जाळं तोडतात. वाट मोकळी झाली की स्नायुपेशी आत सरकतात, वाढतात. साध्या स्टेंटमध्ये वाहिनी पुन्हा अरुंद झाली तर बहुधा पहिल्या ६ महिन्यांतच होते. औषधाचा लेप असलेला स्टेंट ही वाढ रोखतो, पण त्यानं अस्तरही सावकाश भरतं. तोवर स्टेंटच्या उघड्या जाळीवर गुठळी धरू नये, यासाठीच त्या गोळ्या.