साखर म्हणे कोकेनपेक्षा व्यसनी!

संक्रांत आली, गड्ड्याची जत्रा भरली, की सोलापुरात शेंगापोळीबरोबर तो मेसेजही फिरतो: ‘साखर कोकेनच्या आठपट व्यसनी.’ साफ चूक. 2007 साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात बहुतेक उंदरांनी कोकेन सोडून गोड पाणी निवडलं खरं, पण मुख्य प्रयोगात ते साखरेचं नव्हे, सॅकरिन या कृत्रिम गोड पदार्थाचं होतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या प्रयोगाचे उंदीर साखरेवर तुटून पडले, तेही रोज 12 तास उपाशी ठेवल्यावर. (तितका वेळ उपाशी राहिलो तर मीही पडेन.) गोडाने मेंदूतलं डोपामाइन हे ओढ लावणारं रसायन वाढतं, कोकेन मात्र ते पेशींत परत शोषलंच जाऊ देत नाही. फरक मोठा आहे. हां, गोड-पिष्ट आणि स्निग्ध एकत्र आलं की मेंदूचा ओढा दोन्हींच्या बेरजेहून जास्त, हे 2018 मध्ये माणसांवरच दिसलं. शेंगापोळीत गूळ, पीठ, शेंगदाणे, वर तूप! दुसरीला हात जातो तो म्हणूनच.