टर्बो इंजिनासाठी परफॉर्मन्स कॅमशाफ्टची निवड

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह केव्हा, किती आणि किती वेळ उघडायचे हे ठरवणारा दांडा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक फेरा होतो. ताकद वाढवण्यासाठी मूळ कॅमऐवजी जास्त लिफ्ट (व्हॉल्व्ह उचलला जाण्याची उंची) आणि जास्त ड्युरेशन (तो उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत) असलेला कॅम बसवतात. बिनटर्बोच्या इंजिनात गाजलेला कॅम टर्बोवर (धुराच्या जोराने हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या यंत्रावर) मात्र अनेकदा ताकद घटवतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात इंजिनालाही धोक्यात आणतो.

याचे मूळ ओव्हरलॅपमध्ये आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारा) मिटण्याआधीच इनटेक (हवा आत घेणारा) उघडतो आणि काही अंश दोन्ही उघडे असतात, हाच ओव्हरलॅप. बिनटर्बोच्या इंजिनात, वरच्या आरपीएमला, बाहेर धावणारा धूर ताजी हवा आत ओढून घेतो. टर्बोमध्ये धुराच्या वाटेवर टर्बाइन, म्हणजे धुराने फिरून हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला फिरवणारे चाक, आडवे असते. टर्बो लहान असेल तर टर्बाइनआधीचा दाब बूस्टच्या (टर्बोने इनटेकमध्ये वाढवलेल्या हवेच्या दाबाच्या) दीडपट-दुप्पट होतो आणि ओव्हरलॅपच्या वेळी जळका वायू उलटा सिलिंडरमध्ये शिरतो. ताज्या हवेची जागा जाते, शिवाय मिश्रण तापते. मोठ्या, मोकळ्या टर्बोत हे दोन दाब जवळजवळ सारखे राहतात, म्हणून त्याला थोडा जास्त ओव्हरलॅप चालतो. टर्बो कोणता हे ठरल्याशिवाय कॅम निवडणे व्यर्थ आहे.

नागपुरात नवतपा सुरू झाला की पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. २५ अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली, तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती साधारण ११८ अंशांनी बाहेर पडते. ४५ अंशांची हवा साधारण १४५ अंशांनी. इंटरकूलरलाही (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) ती थंड करायला बाहेरची तीच तापलेली हवा मिळते. त्यात जळक्या वायूची उष्णता मिसळली की नॉकिंग (मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून ठोके बसणे) सुरू होते, इसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) स्पार्क उशिरा पाडतो आणि कॅमने मिळवलेली ताकद तिथेच जाते. जानेवारीतल्या गारठ्यात केलेले ट्यूनिंग म्हणूनच मे महिन्यात पुन्हा तपासावे.

रोजच्या गाडीसाठी २६४ ते २७२ अंशांच्या आसपासचे ड्युरेशन आणि ११२ ते ११६ अंशांचे लोब-अंतर (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या उंचवट्यांच्या टोकांमधला कोन) ही समंजस निवड आहे. अंतर वाढले की ओव्हरलॅप घटतो. २८० अंशांचा कॅम वरच्या आरपीएमला खुलतो, पण सीताबर्डीच्या सिग्नलवर त्याचा काही उपयोग नाही. तिथे डळमळते आयडलिंग आणि उशिरा येणारा बूस्टच वाट्याला येतो. समृद्धी महामार्गावरही वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि वरच्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन मधल्या आरपीएमलाच फिरते. दोन कॅमची तुलना करताना ड्युरेशन एकाच लिफ्टवर, उदाहरणार्थ १ मिलिमीटरवर, मोजलेले आहे का हे आधी पाहावे. जाहिरातीतला आकडा नेहमी मोठा असतो.

नव्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत व्हॉल्व्हचे टायमिंग चालू गाडीत बदलता येते. खालच्या आरपीएमला इनटेकचा दाब एक्झॉस्टपेक्षा जास्त असेल तेव्हा ती मुद्दाम ओव्हरलॅप वाढवून टर्बो लवकर जागा करतात. इंधन एक्झॉस्ट मिटल्यावर फवारले जात असल्याने ते वाया जात नाही. अशा इंजिनात कॅम बदलण्याआधी मूळ कॅमवरच इसीयूमधला टायमिंगचा मॅप (तक्ता) सुधारून पाहणे अधिक शहाणपणाचे.

स्प्रिंगकडे दुर्लक्ष होते. ३४ मिलिमीटरच्या इनटेक व्हॉल्व्हला १.५ बार बूस्ट मागून सुमारे १४ किलो जोराने ढकलतो. स्प्रिंग कमजोर असली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. जास्त लिफ्टच्या कॅमसोबत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली फट मोजणे सक्तीचे समजावे. त्यासाठी पिस्टनवर मऊ मॉडेलिंगची माती (क्ले) लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवतात आणि दबलेल्या मातीची जाडी मोजतात.