मोझॅक की पॉलिश काँक्रीट? सभामंडपाची फरशी ठरवताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या देवळाच्या सभामंडपाची फरशी बदलायची म्हटलं की ट्रस्टींच्या बैठकीत कोणीतरी म्हणतंच, "अहो, नवं कशाला? आहे तेच काँक्रीट घासून घ्या, मोझॅकसारखं दिसेल." दिसेलही, चार पावलांवरून. पण मोझॅक, म्हणजे टेराझो, आणि पॉलिश काँक्रीट ही दोन निराळी कामं आहेत.

मोझॅक हा वरून घातलेला थर. नेहमीच्या कामात खाली ३४ मिलिमीटर काँक्रीट आणि त्यावर ६ मिलिमीटर सिमेंट, संगमरवराची पूड आणि चिप्स. मध्ये काचेच्या किंवा पितळी पट्ट्या टाकून चौकोन पाडतात. एक चौकोन २ चौरस मीटरपेक्षा मोठा ठेवू नये, नाहीतर थर आकसताना तडा जातो. घट्ट झालं की मशीनने घासायचं, भोकं त्याच रंगाच्या सिमेंटने भरायची, परत घासायचं, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडने चकाकी. अंबाजीचा पांढरा संगमरवर की हिरव्या चिप्स, मधोमध कमळ की स्वस्तिक, सगळं आपल्या हातात.

पॉलिश काँक्रीटमध्ये वरून काही येत नाही. ओतलेला स्लॅबच हिऱ्याच्या पॅडने घासत नेतात, ३०-४० नंबरच्या खरखरीत पॅडपासून १५०० किंवा ३००० पर्यंत. मध्ये डेन्सिफायर मुरवतात. हे सिलिकेटचं पाणी सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी जुळून बारीक छिद्रं बुजवतं. नक्षी मात्र स्लॅबच्या पोटात असेल तीच. आपल्याकडची कपची, म्हणजे खडी, काळी, त्यामुळे खोल घासलं की करड्यावर काळे ठिपके उमटतात, कुठे दाट तर कुठे नुसती रेती. ओळखायचं असेल तर भिंतीच्या कडेला बसून बघा: मोझॅकच्या चिप्स कडेपर्यंत सारख्या असतात आणि पट्ट्या दिसतात.

म्हणून जुन्या देवळात "आहे तेच घासा" हे मला पटत नाही. जुनी लादी उखडल्यावर खाली मसाल्याची ढेकळं, इलेक्ट्रिशियनने फोडून बुजवलेले चर आणि तडे निघतात. चकाकीने ते झाकले जात नाहीत, उलट उठून दिसतात. पॉलिश करायचं हे स्लॅब ओतण्याआधीच ठरलेलं हवं. मोझॅक याबाबतीत सोयीचा, पण तो ४० मिलिमीटर, म्हणजे दीड इंच उंची खातो. दारं खालून तासावी लागतात, गाभाऱ्याचा उंबरा बुटका होतो आणि पाण्याचा ढाळ पुन्हा काढावा लागतो. एस्टिमेटमध्ये हे खर्च सहसा नसतात.

आता पंचामृत. त्यातलं दही आंबट, आणि सिमेंट काय, संगमरवर काय, दोन्ही कॅल्शियमचे. समया घासायची चिंच, लिंबू, दही, काहीही रात्रभर राहिलं की चकाकी जाऊन पांढुरका डाग पडतो. डेन्सिफायर याला अडवत नाही. वरून सीलर, म्हणजे छिद्रं बंद करणारा संरक्षक थर, मारला तर पुसायला थोडा वेळ मिळतो, इतकंच. तेल दोन्हीत मुरतं, पण चिप्सच्या गर्दीत डाग लपतो. सपाट करड्या काँक्रीटवर समईखालचं काळं वर्तुळ लांबूनही दिसतं. ओल्या पायांखाली दोन्ही निसरडे. प्रदक्षिणेच्या वाटेवर पॉलिश ४०० नंबरवरच थांबवा, चकाकीचा हट्ट तिथे नको. गाभाऱ्यात तर दोन्ही नकोत, तिथे ग्रॅनाइट किंवा काळा दगडच बरा.

नव्याने बांधायच्या चर्चच्या हॉलला मी पॉलिश काँक्रीटच सुचवेन. तिथे बहुधा चपला-बुटांची ये-जा, बाकांची ओढाओढ, आणि अभिषेक नाही. मेणबत्तीचं मेण गार झाल्यावर खरवडून निघतं, फक्त सीलर हवा, नाहीतर तेलकट छाया राहते. (जगभर फोटो निघतात त्या वास्तुविशारद तादाओ आंदो यांच्या जपानमधल्या १९८९ च्या 'चर्च ऑफ द लाइट'च्या भिंती उघड्या काँक्रीटच्या आहेत, पण पायाखाली आहेत लाकडी फळ्या!)

काहीही ठरवा, कंत्राटदाराकडून आधी कोपऱ्यात एक चौरस मीटरचा नमुना करून घ्या. त्यावर संध्याकाळी तेल, दही, ओलं कुंकू आणि मेण टाकून ठेवा, सकाळी साध्या पाण्याने धुवा आणि मगच ॲडव्हान्सचा चेक द्या.