फिमाईचं तोंड दक्षिणेला का?

खमेर देवळं बहुतेक पूर्वाभिमुख असतात. थायलंडमधल्या नाखोन राचसिमा प्रांतातलं फिमाई मात्र दक्षिणेकडे, जरासं पूर्वेला कलून उभं आहे. त्या दिशेला आजच्या कंबोडियातलं अंगकोर आहे, जुन्या खमेर साम्राज्याची राजधानी. मंदिर राजधानीकडे बघतं, हेच कारण सहसा सांगितलं जातं आणि मलाही ते पटतं.

प्रांताच्या नावातला 'नाखोन' म्हणजे आपलं नगर, आणि 'राचसिमा' म्हणजे राजसीमा. फिमाईचं जुनं नाव विमायपूर. या मुलखातल्या महीधरपूर घराण्यातला सहावा जयवर्मन 1080 च्या सुमारास गादीवर आला आणि मुख्य मंदिराचं बांधकाम त्याच्याच काळातलं मानतात. इथल्या एका द्वारशाखेवरच्या 1108 च्या शिलालेखात त्रैलोक्यविजय या देवतेचा उल्लेख आहे. ही वज्रयान या बौद्ध तांत्रिक पंथातली देवता. म्हणजे अंगकोरच्या राजांची दैवतं प्रामुख्याने शिव-विष्णू होती, त्या काळात हे बौद्ध मंदिर उभं राहिलं. अंगकोर वाट त्याच्यानंतरचं. ते बांधणारा दुसरा सूर्यवर्मन याच घराण्यातला, आणि कळसाची निमुळती घडण तिथे फिमाईवरून गेली असं बरेच अभ्यासक मानतात.

बघताना खरी गंमत दारांवरच्या कोरीव दगडी पट्ट्यांची. बाहेर दक्षिणेला तांडव करणारा शिव, इतरत्र रामायणातले प्रसंग: वानरांचा सेतू, नागपाशात जखडलेले राम-लक्ष्मण. आत गाभाऱ्याकडे वळलं की बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या माराचा पराभव आणि नागफण्याखाली बसलेला बुद्ध. याला कुणी तडजोड म्हणेल. मला तर कारागिरांना दोन्ही कथा घरच्याच वाटत असाव्यात असं दिसतं.

बाराव्या शतकाच्या अखेरीस सातवा जयवर्मन आला. तो स्वतः महायान बौद्ध. अंगकोरच्या प्रेह खान मंदिरातल्या 1191 च्या लेखानुसार राज्यातल्या रस्त्यांवर 121 विश्रामगृहं होती, त्यांतली 17 अंगकोर-फिमाई वाटेवर. अभ्यासक त्यांना धर्मशाळाच म्हणतात. शब्द आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. याच राजाची मानली जाणारी ध्यानस्थ मूर्ती इथे सापडली. ती आता फिमाईच्या संग्रहालयात आहे.

साम्राज्य ओसरलं, मंदिर ढासळलं. 1964 ते 1969 दरम्यान थायलंडच्या ललित कला विभागाने फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार-फिलिप ग्रोलिए यांच्या मदतीने पडलेले दगड ओळखून पुन्हा जागच्या जागी रचले. पांढरट वालुकाश्माचा 28 मीटर उंच कळस आज दिसतो तो या खटाटोपामुळे. 1989 मध्ये ऐतिहासिक उद्यान खुलं झालं.

बहुतेक लोक थेट नागपुलावरून, म्हणजे नागांचे कठडे असलेल्या दगडी पुलावरून, आत शिरतात. त्याआधी दक्षिणेकडची जुनी नगरवेस पाहावी. तिचं नाव 'प्रतू चाय', विजयद्वार. त्यातला 'चाय' म्हणजे संस्कृतातला जय. अंगकोरहून येणारा वाटसरू गावात शिरायचा तो याच वेशीतून.