दसरा, शस्त्रपूजा आणि पंचशील : बौद्ध माणूस फौजेत कसा?

दसऱ्याला नागपुरात एकाच दिवशी दोन उलट्या गोष्टी चालतात. एकीकडे शस्त्रपूजा, म्हणजे रेशीमबागेतली संघाची तर टीव्हीवर दिसतेच पण गल्लीतल्या गॅरेजवाल्याचे पान्हेसुद्धा हार घालून बसलेले असतात. आणि दुसरीकडे दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यातली लाखो माणसं, कारण बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेसाठी निवडला तो दिवस अशोक विजयादशमीचा, म्हणजे अशोकानं शस्त्र खाली ठेवून धम्म धरला त्याच्या आठवणीचा. आता गंमत अशी की त्या पांढऱ्या कपड्यांवर काही म्हाताऱ्यांच्या छातीला फौजेचे मेडल लावलेले असतात.

आमचे मोठेबाबा त्यातलेच. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झाले, रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणतात, आणि त्याच शोकेसमध्ये खालच्या कप्प्यात मेडल. एकदा माझ्या पुतण्यानं सरळ विचारलं, आबाजी तुम्ही रोज पाणातिपाता वेरमणी, म्हणजे जीवहत्येपासून दूर राहीन, असं म्हणता मग बंदूक कशी चालवली? ते म्हणाले, अरे चालवली कमी, साफच जास्त केली. सगळे हसले, पण प्रश्न काही सुटला नाही.

या प्रश्नाची मागची गोष्ट पाहायची तर एक लक्षात ठेवा, आपल्याकडे, म्हणजे महार समाजात, फौज आधी आली, धम्म नंतर. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई, ज्यात इंग्रजांच्या फौजेतून महार सैनिक लढले, सगळ्यांना माहीत आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी फौजेत सुभेदार, बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीतला. आणि मग १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाचं खूळ, म्हणजे काही जातीच लढायला लायक असं, काढून महारांची भरती बंद करून टाकली. ज्या एका जागी माणसाला पगार, पेन्शन, बूट आणि पोरांना शाळा मिळत होती ते दारच बंद. म्हणून भरती परत सुरू करा असा गोपाळबाबा वलंगकरांचा १८९४ चा अर्ज, म्हणून शिवराम जानबा कांबळ्यांचा १९१० चा अर्ज, दोघंही समाजासाठी झटणारे. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली, गरज संपली तशी मोडली. बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा विषय लावून धरला आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी आपल्या कामठीला. म्हणजे ज्या कामठीत आज लोक ड्रॅगन पॅलेसमध्ये बुद्धमूर्तीपुढे शांत बसायला जातात त्याच गावात ही भरती झाली, आणि छावणी तिथे आजही आहेच, गार्ड्स रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर.

तर बंदूक हातात घेणं हा आपल्या आज्या-पणज्यांसाठी हिंसा-अहिंसेचा विषयच नव्हता हो, माणूस म्हणून मोजले जाण्याचा विषय होता. हे न सांगता जो कोणी 'बौद्ध असून फौजेत?' म्हणून टोमणा मारतो त्याला मी तरी सिरियसली घेत नाही.

पण म्हणून मूळ प्रश्न उडवून लावता येत नाही. पाली साहित्यात, म्हणजे बुद्धांची वचनं जपलेल्या जुन्या ग्रंथांत, याबद्दल काय आहे ते बघितलं तर तिथेही सरळ हो किंवा नाही मिळत नाही. त्यातल्याच संयुत्त निकाय या ग्रंथात एक योद्धा येतो, गावाचा मुखिया, आणि विचारतो की युद्धात मेलेला माणूस स्वर्गात जातो असं आमचे जुने गुरू सांगतात, तुमचं म्हणणं काय? बुद्ध म्हणतात राहू दे, हे विचारू नको. तो तीनदा विचारतो. शेवटी बुद्ध सांगतात की समोरचे मरोत असं मनात धरून लढताना जो मेला त्याची गती वाईट. तो माणूस रडायला लागतो. मला सगळ्यात आवडणारी जागा ही, कारण तो स्वतःच सांगतो की भगवान, तुमच्या उत्तराचं दुःख नाही, जुन्या गुरूंनी इतकी वर्षं फसवलं म्हणून रडतोय.

दुसरीकडे वैशालीचा सिंह सेनापती उपासक होतो, घरी भिक्खूसंघाला जेवायला बोलावतो, आणि पाली कथेत कुठेच बुद्ध त्याला सेनापतीपद सोड असं सांगत नाहीत. बिंबिसाराचे सैनिक लढाईला जायच्या ऐवजी भिक्खू व्हायला लागले तेव्हा राजानं तक्रार केली आणि राजाच्या चाकरीतल्या माणसाला प्रव्रज्या, म्हणजे भिक्खू होण्याची दीक्षा, द्यायची नाही असा नियमच झाला. भिक्खूला मात्र कडक, सैन्य बघायलासुद्धा उगाच जायचं नाही, कामानं गेलाच तर दोन-तीन रात्रींच्या वर राहायचं नाही. म्हणजे चीवरवाल्याला, भिक्खूला, एक माप, घरसंसारवाल्याला दुसरं, असं माझं वाचन.

बाबासाहेबांनी हा गुंता 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये घेतला, पुस्तक १९५७ ला आलं, ते गेल्यानंतर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही. नियम तुम्हाला बांधून टाकतो, तत्त्व विचार करायला लावतं. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. आमच्या फौजी मंडळींना हे वाक्य पाठ असतं, कोणी डिवचलं की लगेच काढतात.

पण त्याच पुस्तकात सुरुवातीला काय आहे ते कोणी सांगत नाही! रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचं भांडण होतं, सेनापती वीस ते पन्नास वयाच्या सगळ्या शाक्यांना शस्त्र उचलायला लावणारा ठराव आणतो, आणि सिद्धार्थ उभा राहून म्हणतो मी सैन्यात येणार नाही. शिक्षा भोगायला तयार होतो, घरच्यांची शेती जप्त होऊ नये म्हणून स्वतः परिव्राजक, म्हणजे घर सोडून फिरणारा संन्यासी, व्हायला निघतो. म्हातारा, आजारी, प्रेत ही नेहमीची गोष्ट बाजूला ठेवून बाबासाहेबांनी गृहत्यागाचं कारण हे धरलं. ज्या माणसानं महार रेजिमेंटसाठी जोर लावला त्यानंच सैन्याला नकार देणारा सिद्धार्थ रंगवला. यात विसंगती आहे असं मला वाटत नाही. फौजेचा हक्क मागणं आणि एखाद्या युद्धाला नाही म्हणणं, दोन्हीला हक्क असलेला माणूसच लागतो. ज्याला भरतीच बंद आहे तो नकार तरी कशाला देईल.

अशोकाचं पण लोक अर्धंच सांगतात. कलिंगात १ लाख मेले, दीड लाख पकडून नेले, हे त्यानं स्वतः तेराव्या शिलालेखात कोरलं, पण सैन्य मोडलं असं तिथे कुठे नाही, उलट जंगलातल्या लोकांना तिथेच दम दिलाय.

फौजी माणसाचं तरी एवढं बोललं जातं, खरा अवघड मामला कारखान्याचा आहे. उपासकानं करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला येतो. आणि आपल्याकडे अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी, भंडाऱ्याला एक, भद्रावतीला एक, आणि भद्रावतीलाच विजासनची बौद्ध लेणी. माझा मावसभाऊ फॅक्टरीत आहे. पगारावर नोकरी म्हणजे व्यापार होतो का, हे त्यानं एका भंतेजींना वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात तेव्हा, विचारलं होतं. भंतेजींनी त्याला आधी घरी किती माणसं खाणारी आहेत ते विचारलं, मग म्हणाले पौर्णिमेला ये, बोलू. तो दर पौर्णिमेला जातो, अजून बोलणं चालूच आहे.