ऑपरेशन थिएटरमधला फोनोग्राफ

भूल पूर्ण चढली की भीती संपते. खरी भीती त्याआधीची: ट्रॉलीवर आडवं पडून छतावरचे दिवे बघत राहायचं आणि पलीकडे ट्रेमध्ये हत्यारं ठेवल्याचा खणखणाट ऐकायचा. भूल कमरेखालीच दिली असेल तर तो खणखणाट शेवटपर्यंत ऐकू येतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या केन या छोट्या गावचे सर्जन इव्हान ओ'नील केन यांनी १९१४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये थिएटरमधल्या फोनोग्राफविषयी, म्हणजे तबकडीवरचं संगीत वाजवणाऱ्या जुन्या यंत्राविषयी लिहिलं. रुग्णाचं लक्ष समोरच्या भयानक प्रकारावरून हटावं आणि तो शांत व्हावा, हा त्यामागचा हेतू. सरसकट ईथर देऊन बेशुद्ध करण्यापेक्षा जमेल तिथे जागेपुरती भूल द्यावी, असं केन यांचं ठाम मत होतं. ते पटवायला १९२१ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढलं! रुग्ण जागा ठेवायचा तर त्याच्या कानांचाही विचार करावा लागतो, हे अशा माणसाला उमगलं यात नवल नाही.

पुढचा मोठा प्रयोग दातांच्या दवाखान्यात झाला. १९६० च्या सुमारास दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि जे. सी. आर. लिक्लायडर (पुढे संगणकांच्या जाळ्याची कल्पना मांडणारे तेच हे) यांनी रुग्णाच्या कानाला हेडफोन लावले आणि हातात एक छोटी पेटी दिली. एरवी संगीत, ड्रिल दुखेल असं वाटलं की रुग्णानेच धबधब्यासारखा आवाज वाढवायचा. वेदनाशामक म्हणून याचा बराच गाजावाजा झाला. १९६३ मध्ये प्रयोगशाळेत लोकांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावून पडताळणी झाली, तेव्हा नुसत्या आवाजाने काही साधेना. 'याने दुखणं कमी होईल' असं आधी ठासून सांगितलं तरच फरक पडे. तरीही आवाजाचं बटण रुग्णाच्या हातात होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता संगीताच्या उपयोगाचा पुरावा भक्कम आहे. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या आढाव्यात शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या ७० हून अधिक चाचण्या होत्या; संगीत ऐकलेल्यांची चिंता, वेदना आणि वेदनाशामकांची गरज कमी दिसली. २०१९ मध्ये पुन्हा पेनसिल्व्हेनियातच, नर्व्ह ब्लॉकआधी (मज्जातंतूजवळ इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करण्याआधी) १५७ रुग्णांपैकी काहींना मिडाझोलाम हे चिंता कमी करणारं औषध दिलं, काहींना संगीत ऐकवलं. चिंता दोन्हींनी जवळपास सारखीच उतरली. पण संगीत संशोधकांनी निवडलेलं होतं, आणि बाहेरचा आवाज अडवणाऱ्या हेडफोनमुळे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही एकमेकांशी बोलणं अवघड गेलं.